रडकं नावाचं बटण

मल्लिनाथ हत्तुरेचा गुडघा गेला तेव्हा त्याला विजेच्या खांबावरनं उतरवून खुर्चीत बसवलं. सोलापुरात तोवर एक घर पेटीशिवाय राहिलं नव्हतं. पेटी म्हणजे बॅटरी हो, पण बॅटरी कोण म्हणतंय. छपरावरच्या काचा दिवसभर ऊन पिणार, भिंतीवरची पेटी ते साठवणार, दिवस मावळला की तीच पंखा फिरवणार आणि टाकीत पाणी चढवणार. उन्हाळे असे झाले होते की पंखा बंद पडला तर म्हातारं माणूस बंद पडायचं. म्हणून पेटीवाल्या कंपनीनं मोठा हॉल घेतला, पोरापोरींच्या कानाला हेडफोन लावले आणि तक्रारी घ्यायला बसवलं. त्यात मल्लिनाथ सगळ्यात जुना. सगळे त्याला अण्णा म्हणायचे.

तक्रारी ज्या सॉफ्टवेअरवर चालायच्या त्याला दोन तोंडं होती. एक गिऱ्हाईकाच्या मोबाईलवरचं, गोड बोलणारं. दुसरं आतलं, फक्त स्टाफला दिसणारं. आतल्या तोंडावर पुण्याहून जे शब्द आले होते ते बघून हॉलमधल्या पोरांना घाम फुटला. 'अग्रेषित', 'निराकृत', 'प्रलंबित', 'पुनरावर्ती निराधार संपर्क'. कुणाला काय कळणार त्यातलं? एखादा अग्रेषित दाबायच्या जागी निराकृत दाबायचा, की झालं, तक्रार मिटली म्हणून पडद्यावरनं गायब. इकडं माणूस घामाने भिजलेला, तिकडं मेकॅनिकला पत्ताच नाही. दोनदा तर मेकॅनिक भलत्याच घरी जाऊन चहा पिऊन आला.

मॅनेजर कस्तुरे साहेब वैतागले. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्या ऋजुताला पुण्याहून बोलावलं आणि मल्लिनाथला तिच्या शेजारी बसवून सांगितलं, अण्णा, तुम्ही लोक तोंडानं जे म्हणता तेच बटणावर टाका, एकदाचं कळू दे सगळ्यांना.

मल्लिनाथ सातवी नापास. त्याला कुणी शब्द विचारील असं त्याच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला आणि दिवसभर बसून त्यानं एकेक बटणाचं बारसं केलं. तक्रार घेतली की 'घेतलं'. मेकॅनिक सुटला की 'माणूस निघालाय'. 'सामान येईना'. 'घरी कुणी नव्हतं'. 'मिटलं'. आग लागली तर लाल पट्टीवर 'पळा'. ऋजुता हसत हसत टाईप करत गेली.

शेवटी राहिलं ते निराधार संपर्काचं. पेटीच्या आत एक मापक असतं, ते उष्णता आणि विजेचा दाब मोजून सारखं हॉलकडं पाठवतं. मापक म्हणतंय पेटी ठीक आहे, तरी माणूस परत परत फोन करतंय, अशा फोनसाठी ते बटण. आता हॉलमधली रीत अशी की फोन एकाकडनं दुसऱ्याकडं ढकलायचा झाला तर आधी ओरडून सांगायचं, कसला माल येतोय ते. अशा फोनला सगळे म्हणायचे, रडकं आहे, घे. मल्लिनाथनं तेच सांगितलं. रडकं.

ऋजुताचा हात थांबला. नक्की का, असं तिनं विचारलं.

"गिऱ्हाईकाला दिसणार हाय का?"

"नाही. फक्त तुम्हाला."

"मग झालं तर. घरात कोण कोट घालून बसतंय?"

हॉल खदाखदा हसला. ऋजुताही हसली आणि तिनं टाकलं. दुसऱ्या दिवसापास्नं चुका एकदम कमी झाल्या. आसपासच्या जिल्ह्यांतल्या हॉलमधनं मागणी आली, आम्हालाबी सोलापूरचे शब्द द्या. मल्लिनाथ घरी बायकोला, सुवर्णाला म्हणाला की माझे शब्द आता लातूरपर्यंत गेले. ती म्हणाली, बरं झालं, घरात तरी कमी बोला.

आता त्या सॉफ्टवेअरच्या पोटात एक ऐकणारं यंत्र होतं. कंपनीनं त्याला काहीतरी भारी नाव दिलं होतं, पण हॉलमधले सगळे त्याला दाजी म्हणायचे. नवा आलेला, कामाला हात न लावणारा, आणि सगळ्यांनी त्याचं ऐकायचं. दुसरं काय म्हणणार.

हे दाजी काय करायचे ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांना भाषा कळत नव्हती. लग्नाच्या मांडवाबाहेर चपला राखणारा माणूस असतो बघा. तो तोंडं बघत नाही, चपला बघतो. झिजलेली टाच, नवा पट्टा, चिखल कुठला. दाजी तसे आवाज बघायचे. किती थांबून बोलतो, श्वास कुठं घेतो, मुद्द्यावर यायच्या आधी किती फिरतो, मागनं भांड्यांचा आवाज येतो का गाडीचा. सारखे आवाज सारख्याशेजारी मांडायचे, एवढंच काम. आता त्या चपलावाल्याला तुम्ही रोज झिजलेली चप्पल दाखवून सांगितलं की हा फुकट जेवायला आलेला, तर पुढच्या लग्नात तो झिजलेली चप्पल दारातच अडवणार. त्यात त्याची काय चूक? सांगणारा तुम्ही.

वर्षभर हॉलनं बटण दाबून दाजींना तसंच सांगितलं. नेमानुसार रडकं म्हणजे मापक ठीक असताना परत परत येणारा फोन. पण बटणावर नेम कुठं लिहिला होता? बटणावर लिहिलं होतं रडकं. मग जो खोकायचा तो रडकं. जी आधी विचारायची बाळा कुठल्या गावचा, ती रडकं. जो दोनदा माफी मागून मग बोलायचा, तो रडकं. शब्द इतका सोपा की विचार करायलाच लागायचा नाही. बोट आपोआप जायचं.

वर्षानंतर कस्तुरे साहेबांनी दाजींना मोकळं सोडलं. आता फोन लागला की दाजीच ठरवायचे हे कुठल्या खान्यात जाणार. रडकं ठरलं की माणसापर्यंत यायचंच नाही. दाजी स्वतः बोलायचे, मऊ आवाजात, काळजी करू नका, आपली पेटी ठीक आहे, नोंद घेतली आहे. हॉल शांत झाला. कामाचा निपटारा इतका वाढला की वरच्या ऑफिसातनं माणसं बघायला आली. कस्तुरे साहेबांचा सत्कार झाला, आणि शब्दांसाठी म्हणून मल्लिनाथलाही शाल-नारळ मिळाला.

चैत्र संपता संपता, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, मल्लिनाथच्या पडद्यावर लाल पट्टी आली. पळा. त्यानं पत्ता वाचला. अक्कलकोट रोड. घराचा नंबर वाचला. मग परत वाचला. घर त्याच्या सासूचं होतं.

निलव्वा एकटी राहायची. मल्लिनाथ तिला घरातल्या कानडी चालीनं अत्ती म्हणायचा. ती भली बाई, पण जावयासमोर खुर्चीवर बसायची नाही, त्याचं नाव घ्यायची नाही. जावयाला काम सांगणं म्हणजे तिच्या लेखी लेकीचा संसार उसना मागणं. नळ गळला तर शेजारच्याला सांगील, मल्लिनाथला कळू द्यायची नाही. तो गेला की पुरणपोळी, कटाची आमटी, आणि सगळं बरं चाललंय.

तो पोचला तेव्हा आग विझली होती. पडवीची भिंत काळी, पेटीच्या जागी वितळलेला लोखंडाचा गोळा. निलव्वाला दवाखान्यात नेलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते आणि धूर छातीत गेला होता. जीव वाचणार, असं डॉक्टर म्हणाले. सुवर्णा बाकावर बसून होती. तिनं एकच विचारलं.

"आई तुमच्या ऑफिसला फोन करत होती म्हणे. शेजारची सांगायली. तुम्हाला कसं कळलं नाही?"

मल्लिनाथ म्हणाला, बघतो.

हॉलमध्ये परत येऊन त्यानं तो नंबर टाकला. फोन होते, पाच-सहा, पंधरवड्यातले. सगळ्यांवर एकच शिक्का. रडकं. पहिल्या फोनवरचा शिक्का कधी बसला ते त्यानं बघितलं. निलव्वा अजून विचारतच होती, जेवण झालं का बाळांनो, उन्हाचं बसलाय तुम्ही. तेवढ्यातच बसला होता. तक्रार काय आहे ते तिनं सांगायच्या आधी.

त्यानं हेडफोन लावून ऐकलं. पेटीजवळ गोड वास यायलाय, ती म्हणत होती, केळं लई पिकल्यावर येतो तसला. दाजी म्हणत होते, काळजी करू नका. पुढच्या फोनला वास वाढलाय, म्हणत होती. पेटी ठीक आहे, दाजी म्हणत होते. तेही खोटं नव्हतं. पेटीच्या पोटात एक पातळ औषध असतं, शिवण उसवली की त्याची वाफ बाहेर यायला लागते आणि तिला गोडसर वास असतो. गरमी नंतर वाढते, आणि वाढली की मग तिची तीच वाढवत जाते, थांबवता येत नाही. मापकाला गरमी कळते, वास कळत नाही. वास कळायला नाक लागतं, आणि नाकवाली बाई सांगत होती.

शेवटच्या फोनला तिचा आवाज बारीक झाला होता.

"तुमच्यात आमचे जावई हायत. पण त्यांना सांगू नका हं. उगं त्यांना वाटायचं, सासू कटकट करती."

मल्लिनाथनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कान तापले होते त्याचे. हॉलमधल्या एकेकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात ते बटण होतं, पिवळं, गोल. त्याला वाटलं सगळे त्याच्याकडंच बघतायत. कुणी बघत नव्हतं, सगळे कामात होते. ते आणखी वाईट.

त्यानं रडक्याचा सगळा खाना उघडला. पडदा खाली खाली सरकतच राहिला. मधनंच एखादा उघडून ऐकायचा. कुणाची पाण्याची मोटर, कुणाचा उगाचचा एकटेपणा, आणि मग बाळे गावातले एक आजोबा सांगत होते, आंब्याच्या आढीसारखा वास येतोय, घरात आंबा तर एक नाही.

त्यानं त्या पत्त्यावर मेकॅनिक सोडला आणि उठून कस्तुरे साहेबांच्या केबिनमध्ये गेला. ऋजुता आधीच फोनच्या पडद्यावर होती, चेहरा उतरलेला. उद्या सकाळी सरकारी तपासणी येणार होती. कस्तुरे साहेब वाईट नव्हते, घाबरलेले होते. ते म्हणाले, अण्णा, आधी ते बटण बदलायला पाहिजे. शब्दवाले तुम्ही. एक चांगला शब्द द्या, 'देखरेखीखाली' वगैरे.

मल्लिनाथनं ऋजुताला विचारलं, शब्द बदलला की दाजी सुधारतील का? ती म्हणाली, नाही. दाजी शब्द शिकलेलेच नाहीत, ते माणसं शिकलेत. पाटी बदलली तरी त्याच आवाजांना त्याच खान्यात घालणार. सुधारायचं तर दाजींना बंद करून तो सगळा खाना माणसांनी बसून परत ऐकायला पाहिजे, एकेक फोन. कंपनी आपणहून ते करणार नाही, त्यासाठी तपासणीवाल्यांना पटलं पाहिजे की तो खाना पहिल्यापासनं खोटा आहे.

"आणि त्यांनी 'देखरेखीखाली' वाचलं तर?"

"तर त्यांना वाटेल, या लोकांवर आपण लक्ष ठेवून होतो."

कस्तुरे साहेब टेबलाकडं बघत म्हणाले, अण्णा, तुमचंच नाव खराब होईल. लातूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे शब्द कुणाचा ते. सकाळपर्यंत सांगा.

सकाळपर्यंत. त्या खान्यात आणखी कुणाच्या पडवीत केळ्याचा वास येत होता, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं, आणि तरी तिघंही सकाळपर्यंत थांबायला तयार होते. मल्लिनाथही तसाच बाहेर आला. त्याला खरं म्हणजे तो शब्द पुसायचा होता. अगदी आत्ता, बायकोनं बघायच्या आत, स्वतःच्या हातानं.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. निलव्वा जागी होती. हातांना पांढऱ्या पट्ट्या, नळी नाकात. त्याला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा करायला हात उचलला आणि हात उचलेना. सुवर्णानं पदर सारखा केला. निलव्वा घोगऱ्या आवाजात म्हणाली, तुमच्या लोकांना लई त्रास दिला मी, त्यांना रागावू नका.

मल्लिनाथ खाली फरशीवरच बसला, गुडघा करकरला. सुवर्णा म्हणाली, अहो, खुर्ची आहे की. तो उठला नाही. त्यानं सांगितलं सगळं, खाली बघत. फोन माणसापर्यंत आलेच नाहीत. तसले फोन ज्या खान्यात जातात तिथं गेले. त्या खान्याला नाव आहे, आणि ते नाव मी ठेवलंय.

"काय नाव?" सुवर्णानं विचारलं.

निलव्वाच त्याच्याकडं बघत होती.

"सांगा की," ती म्हणाली. "मला काय म्हणत होता तिथं?"

"रडकं," मल्लिनाथ म्हणाला.

सुवर्णा उठून खिडकीशी गेली. निलव्वा छताकडं बघत राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा डबा उघडल्याचा आवाज आला. मग निलव्वा बोलली, त्याच्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे असं.

"पण मी रडले नव्हते. एकदाबी नाही."

तक्रारीसारखंही म्हटलं नाही तिनं. हिशोब चुकला तर माणूस सांगतो तसं सांगितलं.

सकाळी तपासणीला एक बाई आल्या, आवटे नावाच्या, सोबत दोन माणसं. कस्तुरे साहेब मल्लिनाथकडं बघत होते. मल्लिनाथ त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, शब्द राहू दे साहेब. जसा हाय तसा राहू दे.

आवटे बाईंनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? कंपनीच्या वकिलानं सांगायला सुरुवात केली की ही तांत्रिक वर्गवारी आहे, मापकाच्या आकड्यांवरनं ठरते. मल्लिनाथ पुढं आला. तो म्हणाला, तांत्रिक काही नाही बाई, ती शिवी आहे. आम्ही इथं एकमेकांना ओरडून सांगायचो, तीच मी बटणावर घातली. मग आम्हाला ज्याचा कंटाळा आला त्याच्यावर आम्ही ती दाबत गेलो. आकडे बघून नाही, आवाज ऐकून. यंत्र आमचा कंटाळा शिकलं.

"शब्द कुणी सुचवला?"

"मी. शाल मिळाली मला त्याची."

हॉलमध्ये सगळ्यांनी हात थांबवले होते. परवापर्यंत याच शब्दावर जी पोरं खिदळायची ती टेबलाखाली बघत होती. मल्लिनाथला वाटलं होतं बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. उघड्या रस्त्यात धोतर सुटावं तसं वाटलं, आणि ते तसंच दिवसभर राहिलं.

दाजींना त्याच दिवशी बंद केलं. रडक्याचा खाना माणसांनी ऐकायला घेतला. बाळे गावच्या आजोबांची पेटी फुगलेली निघाली. आणखीही निघाल्या, अशोक चौकात, होटगी रोडला, कुठं कुठं. वेळेत काढल्या. जिथं वेळेत पोचले नाहीत असं एकच घर राहिलं, आणि ते मल्लिनाथला पाठ होतं. बटणाला नवं नाव ऋजुतानं हॉलमध्ये सगळ्यांना विचारून ठेवलं, 'परत ऐका'. मल्लिनाथला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला नका विचारू.

निलव्वाचं घर राहण्यासारखं उरलं नव्हतं. जावयाच्या घरी राहायला ती कधी आली नसती, पण हात बरे व्हायचे होते, तेव्हा आली. मागच्या खोलीत तिची खाट टाकली. ती मल्लिनाथशी आधीसारखीच बोलायची, जावईबापू, जेवलात का, गुडघा कसा आहे. सुवर्णा कमी बोलायची. शाल त्यानं कपाटात खाली घालून टाकली होती, ती सुवर्णानं एकदा काढली, बघितली आणि परत तिथंच ठेवली.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी सुवर्णा बाजारात गेली होती. मल्लिनाथ काहीतरी शोधत मागच्या खोलीत गेला. खोली तव्यासारखी तापली होती. निलव्वा खाटेच्या काठावर बसली होती, पट्टी बांधलेल्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा कसाबसा धरून स्वतःला वारा घालत होती. पंखा बंद होता. त्यानं बटण दाबून बघितलं. चालू होईना.

"कधीपासनं बंद आहे?"

काल सकाळपासनं, ती म्हणाली, पण काही नाही, सहन होतंय.

मल्लिनाथला राग आला. कुणावर ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"अत्ती, मी पलीकडच्या खोलीत होतो. सांगायचं नाही का?"

निलव्वानं पुठ्ठा मांडीवर ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. विचारलं म्हणून खरं ते सांगितलं तिनं.

"सांगून बघितलं होतं की, मागं."

मल्लिनाथ पंखा बघायला स्टूल आणायला गेला.